साथ, फौज आणि महिला : पुण्याच्या ताऊनपासून कोरोनापर्यंत

युद्ध, दंगल किंवा लष्करी बंदोबस्त असलेल्या भागात साथ पसरली की महिलांवरचा अत्याचार वाढतो, हे जगभर दिसून आले आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की काँगो, सीरिया, येमेन अशी लांबची नावे घेतली जातात. पण याचे एक मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, १८९७ च्या पुण्यात घडलेले आहे. त्या वेळी युद्ध नव्हते, तरी शहरात फौज होती आणि ती थेट घरात, जनान्यात शिरत होती. शाळेच्या पुस्तकात रँड आणि चापेकर बंधू येतात. ज्यांच्यामुळे हे सगळे पेटले त्या बायकांचे नाव मात्र कुठेच येत नाही. म्हणून हा इतिहास आणि आजचा कायदा, दोन्ही एकत्र समजून घेऊ या.

पुण्यात काय घडले?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उर्दूत ज्याला आपण ताऊन म्हणतो तोच हा रोग. वर्षाअखेरीस तो पुण्यात पोहोचला. इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर केला. कायदा अगदी लहान, चारच कलमांचा. त्यातून सरकारला साथ रोखण्यासाठी हवे ते नियम करता आले. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती. आणि चौथ्या कलमानुसार, या कायद्याखाली 'चांगल्या हेतूने' काम करणाऱ्यावर कोणताही दावा लावता येत नव्हता. हे चौथे कलम लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख होता वॉल्टर चार्ल्स रँड. १३ मार्च १८९७ पासून सोल्जरांच्या तुकड्या घराघरांची झडती घेऊ लागल्या. त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. साथीत माणसाजवळ कसे जावे याचा एक नमुना पुण्यापुढे होता. सरकारने दुसरा निवडला.

ही तपासणी इतकी झोंबणारी का ठरली, ते नीट समजून घ्यायला हवे. प्लेगची गाठ काखेत, जांघेत किंवा मानेवर येते. म्हणजे ती पाहायची तर कपडे बाजूला करावे लागणार. अनोळखी, भाषा न समजणारा, बंदूकधारी पुरुष घरात शिरतो आणि परदानशीन बाईला बाहेर उजेडात बोलावतो, ही कल्पनाच त्या काळच्या हिंदू आणि मुसलमान, दोन्ही घरांना असह्य होती. आजारी माणसाला इस्पितळात नेत, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवत, सामान जाळून टाकत. मे महिन्यापर्यंत हे चालले. महिलांना महिलांनीच तपासावे असे समितीचे म्हणणे होते. प्रत्यक्षात तसे होत नाही, अशा तक्रारी शहरभर होत्या.

तक्रारींचे काय झाले?

इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे.

पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात जाहीर पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातली महिलांची असुरक्षितता मांडली. त्यांच्या संस्थेतल्या एका मुलीचा प्रश्नही त्यात होता. सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळले.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितले की सोल्जरांनी दोन महिलांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने आत्महत्या केली. इंग्लंडात खळबळ उडाली, सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली होती ते पुढे यायला तयार झाले नाहीत. शेवटी गोखल्यांना गव्हर्नरची आणि सोल्जरांची जाहीर माफी मागावी लागली.

रँडच्या समितीने आपल्या अहवालात नोंदवले की महिलांच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, आणि ही समाधानाची बाब आहे.

आता विचार करा. तक्रार कुणाकडे करायची? झडती घेणाऱ्या समितीकडेच. आरोपी कोण? ज्याच्यावर दावा लावता येत नाही तो. तक्रार केली तर काय होणार? त्या बाईचे नाव शहरभर होणार, घरची बदनामी होणार, मुलींची लग्ने अडणार. अशा वेळी तक्रार 'आली नाही' याचा अर्थ अत्याचार 'झाला नाही' असा काढता येत नाही. नेमके किती आणि काय घडले हे आज कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. कारण ते सांगण्याची सुरक्षित जागाच कुणी बांधली नव्हती.

पुढे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. फाशी झाली, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, इतिहास घडला. त्या इतिहासात पुरुषांची नावे आहेत. बाईची 'इज्जत' हा सगळ्यांच्या भाषणाचा विषय झाला, पण तिची स्वतःची जबानी कुणी घेतली नाही.

मदनपुऱ्याचा दंगा

आपल्या समाजाला जवळची एक घटना पुढच्या वर्षी मुंबईत घडली. मदनपुरा ही उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांची वस्ती. आपल्या नागपूरच्या मोमिनपुऱ्यात, कामठीत आणि मालेगावात जे विणकर येऊन वसले त्यांचेच हे भाऊबंद. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगचे तपासणी पथक तिथल्या एका घरातल्या आजारी मुलीसाठी आले. घरच्यांनी आणि मोहल्ल्याने विरोध केला. बघता बघता दंगा पेटला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली.

पण यानंतर सरकारचे धोरण हळूहळू नरमले. सक्तीच्या झडत्या कमी झाल्या, वेगवेगळ्या समाजांना आपापली इस्पितळे चालवायला मोकळीक मिळाली, स्थानिक माणसांना सोबत घेतले जाऊ लागले. हेच आधी केले असते तर? लोकांचा विरोध औषधाला नव्हता, अपमानाला होता. जिथे महिला डॉक्टर आणि ओळखीचा माणूस असतो, तिथे लोक दार उघडतात.

जगात आज काय दिसते?

हे सगळे इंग्रजांबरोबर संपले असे नाही. काँगोच्या पूर्व भागात, जिथे अनेक सशस्त्र गट लढत आहेत, २०१८ ते २०२० या काळात इबोलाची साथ होती. २,२०० हून अधिक लोक मेले. मदतीसाठी आलेल्या काही कर्मचाऱ्यांनीच नोकरीचे आमिष दाखवून महिलांचे लैंगिक शोषण केले. स्वतंत्र चौकशी आयोगाने २८ सप्टेंबर २०२१ रोजी अहवाल दिला. त्यात ८३ संशयितांचा उल्लेख होता आणि त्यातले किमान २१ जण जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करत होते. पुणे आणि काँगोत एक फरक मात्र आहे. इथे बाहेरचा आयोग बसला, महिलांची जबानी घेतली गेली, आणि संघटनेच्या प्रमुखांना त्यांची माफी मागावी लागली. १८९७ मध्ये माफी सोल्जरांची मागितली गेली होती.

कोरोनाच्या सुरुवातीला, २३ मार्च २०२० रोजी, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांनी जगभर युद्धबंदीचे आवाहन केले. दोनच आठवड्यांत, ५ एप्रिलला, त्यांना दुसरे आवाहन करावे लागले, ते घरातल्या शांततेचे. सगळीकडे दार बंद झाले होते आणि मारणारा आतच होता.

काश्मीर आणि महाराष्ट्र, २०२०

काश्मीरमध्ये बंदी कोरोनाच्या आधीपासूनच होती. ऑगस्ट २०१९ पासून वेगवान इंटरनेट बंद होते, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ववत झाले. तिथला राज्य महिला आयोग ऑक्टोबर २०१९ मध्ये बरखास्त झाला. त्यावर लॉकडाऊन आला. म्हणजे रस्त्यावर बंदोबस्त, हातात धिमे नेट, आणि तक्रार ऐकायला राज्यात आयोगच नाही. एप्रिल २०२० मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाने सुचवलेला एक उपाय फार साधा होता. किराणा दुकान आणि औषधाचे दुकान अशा ठिकाणी महिलेला गुपचूप मदत मागता यावी, आणि रिकामी हॉटेले, शैक्षणिक संस्था निवाऱ्यासाठी वापराव्यात. बाई जिथे जाऊ शकते तिथेच मदत नेऊन ठेवायची.

महाराष्ट्रात तरी काय होते? राज्य महिला आयोगाचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० मध्ये रिकामे झाले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये भरले. साथीच्या दोन्ही लाटा अध्यक्षाविना गेल्या. मार्च २०२० मध्ये नियम लागू झाले ते त्याच १८९७ च्या कायद्याखाली. एप्रिलमध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली. ते योग्यच होते. पण विलगीकरणात ठेवलेल्या महिलेच्या सुरक्षेसाठी त्या कायद्यात एक ओळही आली नाही. जुलै २०२० मध्ये पनवेलजवळच्या एका विलगीकरण केंद्रात महिलेवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. रमाबाईंच्या पत्राला तेव्हा सव्वाशे वर्षे होत आली होती.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०१९ मध्ये १९,७३० तक्रारी आल्या होत्या. २०२० मध्ये त्या २३,७२२ झाल्या आणि २०२१ मध्ये तीस हजारांच्या वर गेल्या. हे आकडे मोठे वाटतात, पण खरे चित्र याहून मोठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार हिंसा सोसलेल्या महिलांपैकी फक्त १४ टक्के महिला कुणाची तरी मदत मागतात. त्याच सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या महिला देशात ५४ टक्के आहेत. मी शिक्षक म्हणून ऑनलाइन वर्ग घेत होतो तेव्हा अनेक घरांत फोन एकच असायचा, आणि तो अब्बू किंवा भाऊजानच्या हातात. मुलीला गणित विचारायला जो फोन मिळत नाही, तो अम्मीला तक्रार करायला कसा मिळणार? गडचिरोलीच्या आतल्या गावांत तर फोन असला तरी रेंज नाही.

प्रत्येक घराने माहीत ठेवावे असे

पुढची साथ, पुढचा कर्फ्यू कधी येईल सांगता येत नाही. या गोष्टी आधीच घरात बोलून ठेवा.

• ११२ हा पोलिसांचा तातडीचा क्रमांक, १८१ महिला हेल्पलाइन, १०९८ मुलांसाठी, १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी. मुलींना हे क्रमांक पाठ करायला लावा, फोन हिसकावला तरी आठवणीतून जात नाहीत.

• घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ हा सर्व धर्मांच्या महिलांना लागू आहे. फक्त बायकोलाच नव्हे, आई, बहीण, मुलगी, विधवा वहिनी यांनाही. मारहाणच नव्हे, शिवीगाळ, धमकी, खर्चाला पैसे न देणे हेसुद्धा त्यात येते.

• या कायद्याखाली महिलेला राहत्या घरातून हाकलता येत नाही, घर तिच्या नावावर नसले तरी. तलाक किंवा फौजदारी खटल्याची वाट न पाहता तिला संरक्षण आणि खर्चाचा आदेश मागता येतो. न्यायालयाने साधारण ३ दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो.

• तक्रार त्या महिलेनेच करावी असे बंधन नाही. शेजारी, शिक्षक, नातेवाईक, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. १८९७ मध्ये 'चांगल्या हेतू'ची ढाल झडती घेणाऱ्याला होती, आज ती शेजाऱ्यालाही आहे. ती वापरा.

• महिलेची अंगझडती महिलेनेच, मर्यादा राखून घ्यायची, असा कायदा आहे. कर्फ्यूतही तो लागू असतो. बलात्कार पीडितेवर सरकारी आणि खाजगी, दोन्ही इस्पितळांनी तातडीने मोफत उपचार करायचे असतात. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण चालत नाही.

• महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नागपुरात पोलिसांचा भरोसा सेल आणि सखी केंद्रही आहे.

• मोहल्ला कमिटी, मशिदीची कमिटी, बचत गट यांनी साथीच्या काळात रेशन आणि ऑक्सिजनची यादी केली, ते मोठे काम होते. त्या यादीत एक नाव आणखी असावे, मोहल्ल्यातल्या एका भरवशाच्या खाला किंवा आपाचे, जिच्याकडे कुणीही बाई साखर मागण्याच्या निमित्ताने जाऊन बोलू शकेल. आणि ती जे ऐकेल ते त्या बाईच्या मर्जीशिवाय बाहेर जाणार नाही.

पुण्यात रोग रोखायला फौज होती, कायदा होता, पैसा होता. नव्हती ती अशी एक जागा, जिथे बाई आपले नाव न गमावता बोलू शकेल. गोखल्यांसारखा माणूसही त्यामुळे हरला. ती जागा बांधायला आपल्याला सरकारची वाट पाहायची गरज नाही. प्रताप नगरात असो की मोमिनपुऱ्यात, एका गल्लीत एक घर पुरेसे आहे.