सोडतीच्या चिठ्ठीची कुळकथा

पंढरपूरच्या नगराध्यक्षाच्या खुर्चीला इतर गावांच्या खुर्च्यांपेक्षा जरा जास्त वजन आहे. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्यानुसार नगराध्यक्ष हा विठ्ठल-रुक्मिणी मंदिर समितीचा पदसिद्ध सदस्य असतो. २०१६ च्या थेट निवडणुकीत साधना भोसले नगराध्यक्षा झाल्या आणि नळाच्या पाण्यापासून देवळाच्या कारभारापर्यंत एका बाईचा शब्द पोचायची सोय झाली. वारीच्या गावात ही गोष्ट लहान नाही. दिंड्यांमधून बायाही पुरुषांच्या बरोबरीने चालत येतात. चंद्रभागेत आंघोळ झाल्यावर लुगडं बदलायला वाळवंटात आडोसा आहे का, वारकऱ्यांच्या ६५ एकरातल्या तळावर रात्री शौचालयात पाणी आणि दिवा आहे का, हे प्रश्न शेवटी नगरपरिषदेच्या दारात येतात आणि त्यांची झळ आधी बाईला बसते.

ही खुर्ची कोणत्या वेळी बाईला राखीव राहणार, हे मात्र पंढरपुरात ठरत नाही. मुंबईत नगरविकास खात्याच्या सोडतीत ते ठरतं. सरपंचपदाची सोडत तालुक्याला, जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या गट-गणांची जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना चित्र ठाऊक आहे. सभागृह खच्चून भरलेलं, मागच्या दाराशी फोन कानाला लावलेले कार्यकर्ते. टेबलावर पारदर्शक बरणी. एकाच मापाच्या, एकाच पद्धतीने घडी घातलेल्या चिठ्ठ्या आधी सगळ्यांना दाखवायच्या, मग बरणीत टाकायच्या. शाळेचा गणवेश घातलेलं एखादं लेकरू पुढे येतं, हात घालतं, चिठ्ठी काढतं. अधिकारी ती उघडून वाचतात आणि पुन्हा सभागृहाकडे धरतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, मग सर्वसाधारण. प्रत्येक प्रवर्गात बायकांच्या जागा. मागच्या वेळी जे गाव महिलेसाठी राखीव होतं, ते या वेळी बाजूला ठेवतात. बाहेर एकच प्रश्न असतो, ‘आपल्याकडं काय पडलं?’

पोराच्या हाताने चिठ्ठी काढायची ही तऱ्हा फार जुनी आहे. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, म्हणजे इसवी सन ९२० च्या सुमाराचे शिलालेख आहेत. गावच्या समित्यांवर कोणी बसायचं हे तिथे असं ठरे: पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहायची, तुकडे मडक्यात टाकायचे, ढवळायचे आणि ज्याला कळत नाही अशा लहान मुलाकडून एक काढून घ्यायचा. गेल्या तीन वर्षांत समितीवर बसलेल्याचं नाव मडक्यात जायचं नाही. म्हणजे पोराचा हात आणि फिरती पाळी, दोन्ही तिथे आहेत. आपली बरणी त्या मडक्यापासून उतरली असं मी म्हणत नाही. पण माणसांना एकमेकांचा भरवसा वाटेना की ती याच उपायाशी येतात. त्या मडक्यात नाव जायला करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचं घर आणि वेदांचं ज्ञान लागे. बाईचं नाव त्यात नव्हतं. आज त्याच तऱ्हेच्या चिठ्ठीवर ‘महिला’ लिहिलेलं असतं. या कुळकथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

‘महिला’ हा शब्द चिठ्ठीवर यायला आपल्याकडे तीस वर्षं लागली. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात बायकांना सामावून घ्यायची सोय होती, पण ती नियुक्तीची, एखाद-दुसरीची. अशा बाईला बोलावणाऱ्याची मर्जी राखावी लागते. तरीही १९६३ मध्ये बारामती तालुक्यातल्या निंबूतला सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली आणि कमलाबाई काकडे सरपंच झाल्या, तेही आरक्षणाशिवाय. पुढे १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात बायकांनी निवडणुका लढवायचं ठरवलं आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत सगळ्या बायकांची पॅनेलं निवडून आली. शेजारच्या कर्नाटकात १९८३ च्या कायद्याने २५ टक्के जागा बायकांना दिल्या होत्या. महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्के दिल्या, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एक तृतीयांश झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या.

टक्का ठरला, पण कोणती जागा? आपला वॉर्ड आपण होऊन सोडणारा पुढारी विरळाच. यादी करायचं काम मंत्र्याकडे दिलं असतं तर विरोधकांचेच वॉर्ड बायकांना गेले असते. चिठ्ठीने हा वाद मिटवला. ती कोणाची नातेवाईक नसते आणि तिच्यावर रुसताही येत नाही. त्यातून आणखी एक गोष्ट साधली. राखीव जागेवरून आलेल्या बाईला ती जागा कोणा पुढाऱ्याने दिलेली नसते. नियुक्तीच्या सदस्याला जे मिंधेपण होतं, ते कायद्याने तरी संपलं. घरात ते उरतंच. फलकावर नवऱ्याचा फोटो मोठा, ‘सरपंचपती’ हे बिनकायद्याचं पद, बैठकीत तिच्या शेजारी त्याची खुर्ची. चिठ्ठीला घरात शिरता येत नाही.

सोडतीची वेळ बदलूनही पाहिली गेली. आरक्षण आधी कळलं की गैरप्रकार होतात म्हणून २०२० च्या डिसेंबरात सरकारने ठरवलं की सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढायची. १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं, मग चिठ्ठ्या निघाल्या आणि काही गावांत ज्या प्रवर्गाची चिठ्ठी निघाली त्या प्रवर्गाचं कोणी निवडूनच आलेलं नव्हतं.

पण खरा दोष मला दिसतो तो फिरत्या पाळीत. पाच वर्षांत बाई दप्तर वाचायला शिकते, ग्रामसेवकाला प्रश्न विचारायला लागते, निधी कुठे अडतो ते तिला कळतं. आणि नेमकी तेव्हा चिठ्ठी पुढे सरकते. ‘महिला आरक्षण गेलं’ म्हटलं की गाव तिला घरी बसवतं, जणू खुल्या जागेवर उभं राहायला तिला बंदीच आहे. तशी बंदी कुठल्याही कायद्यात नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. जे वॉर्ड आधी बायकांना राखीव होते, ते खुले झाल्यावर तिथे बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. असा अभ्यास करता आला, कारण वॉर्ड सोडतीने निवडले होते. एकदा बाईने कारभार केला की मतदाराची भीड मोडते आणि पक्षालाही उमेदवार सापडते, हे त्यातून दिसतं.

सोडत नसली की काय होतं, ते विधानसभेत दिसतं. २०१९ मध्ये २८८ आमदारांत बायका होत्या २४. तिथलं एक तृतीयांश आरक्षण २०२३ च्या घटनादुरुस्तीने मंजूर झालं, पण ते जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होणार आहे.

तमिळनाडूने पंचायतींतलं आरक्षण एका जागी दहा वर्षं, म्हणजे सलग दोन मुदती ठेवायची तरतूद केली आहे. महाराष्ट्रात तसं करायला घटना बदलावी लागत नाही. सदस्यांच्या जागा पाळीने फिरवता येतील आणि सरपंचपदं पाळीने फिरवावीत, एवढंच घटना सांगते. किती वर्षांनी, हे ठरवायचं काम विधिमंडळाचं आहे. ते त्याने करावं. आणि पुढच्या सोडतीत तुमच्या गावाची चिठ्ठी खुली निघाली, तर मावळत्या सरपंचबाईंना तुम्हीच सांगा, ‘ताई, फॉर्म भरा.’