खिडकीबाहेरचं इंग्रजी

"इंग्रजी समजतं हो, पण बोलता येत नाही." आयटीतल्या मराठी माणसाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं, नाहीतर स्वतः म्हटलेलं असतं. कोड चोख, डिग्री फर्स्ट क्लास, आणि क्लायंट कॉलवर माइक म्यूट! मग कुणी क्लास सुचवतो, कुणी अ‍ॅप, कुणी सबटायटल्स लावून सिनेमे बघायला सांगतो. मला मात्र या प्रश्नासाठी महाडला जावंसं वाटतं. १९१४ सालच्या महाडला.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. महाड आणि पोलादपूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, सावित्रीकाठचा मुलूख. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव १९८१ मधलं. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या इथल्या लोकांना शाळेचा दरवाजा बंद होता, पण पलटणीचा उघडा होता. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि लिहू लागले, लोकांना जागं करू लागले. छावणीत शिपायांच्या मुलांना शाळा असे, आणि इंग्रजी तर रोज कानावर पडे. पहारेकऱ्याचं "हू कम्स देअर?" हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडी "हुकुमदार" झालं ते असंच, ऐकून आणि बोलून. व्याकरण शून्य, पण काम शंभर टक्के! पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरतीच बंद झाली आणि ही वाट बुजली.

पांढरपेशांचं इंग्रजी दुसऱ्या वाटेने आलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवते? म्हणजे आपल्याला नाही, आजोबांना विचारा. नियम पाठ करा, मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. लष्करी शाळेत हेडमास्तर असलेल्या सुभेदार रामजी सकपाळांनीही आपल्या भीमाकडून ही पुस्तकं घोटून घेतली होती. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहेच. तेव्हा पुस्तकाला नावं ठेवायचं कारण नाही. पण ते शिकवतं डोळ्याला आणि हाताला. कान आणि जीभ उपाशीच.

हे तेव्हाच्या लोकांना कळत नव्हतं असंही नाही. ज्यांच्या नावाने आपण व्याकरणाचा धसका घेतला ते 'रेन अँड मार्टिन'मधले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातच होते. त्यांनी १९११ मध्ये एक पुस्तक लिहिलं, 'द डायरेक्ट टीचिंग ऑफ इंग्लिश इन इंडियन स्कूल्स'. भाषांतराचा द्राविडी प्राणायाम सोडा, थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवा, अशी ती पद्धत. गंमत बघा, हे कुणाच्या लक्षात नाही, व्याकरण मात्र घरोघरी :-)

आता १९१४. महाड तालुक्यातल्या लाडवलीचा रामचंद्र बाबाजी मोरे हा ११ वर्षांचा मुलगा अलिबागला परीक्षा देऊन स्कॉलरशिप मिळवतो. पुढची पायरी म्हणजे महाडची इंग्रजी शाळा. शाळा प्रवेश नाकारते, कारण मुलगा अस्पृश्य. शाळा ज्या जागेत भरते तिच्या मालकाचीच हरकत. हा ११ वर्षांचा मुलगा काय करतो? वर्तमानपत्राला पत्र लिहितो. पत्र छापून येतं, बोभाटा होतो आणि शाळेला त्याला घ्यावंच लागतं. पण बसायचं कुठे? वर्गाबाहेर, खिडकीपाशी.

मी या खिडकीपाशी नेहमी अडखळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा रीड-ओन्ली अ‍ॅक्सेस. बाहेर बसून मास्तरांचं ऐकता येतं, फळा दिसला तर उतरवूनही घेता येतं. पण भाषा म्हणजे नुसतं ऐकणं नाही. कुणीतरी तुम्हाला विचारायला हवं, तुम्ही अडखळत उत्तर द्यायला हवं आणि समोरच्याने तेवढा वेळ थांबायला हवं. ऐकायला खिडकी पुरते, बोलायला मात्र वर्गात जागा लागते. आणि ती जागा पद्धत देत नाही, माणसं देतात किंवा नाकारतात.

हाच मुलगा पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे झाला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या परिषदेच्या प्रमुख संघटकांपैकी ते एक. तळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या १३ वर्षं आधी त्याच गावात एका बाकाची गोष्ट घडली होती, ती फारशी कुणी सांगत नाही.

आता वर्गाचं दार उघडं आहे. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. प्रश्न उभा राहिला तो असा की वाडीवस्तीवरच्या शाळेत ते बोलून दाखवणार कोण? त्याला मला आवडलेलं एक उत्तर रेडिओचं आहे. १९८० च्या दशकात केनियात रेडिओवरून प्राथमिक शाळांना इंग्रजी शिकवायचा प्रयोग झाला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने त्याच धर्तीवर मराठी शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' तयार केलं. युक्ती साधी. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारतो आणि थांबतो. त्या रिकाम्या सेकंदांत वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर देतात. मग बरोबर उत्तर ऐकू येतं आणि धडा पुढे सरकतो. मास्तरांचं इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही.

धड्यातली महत्त्वाची गोष्ट ती शांतताच आहे, कारण ती मुलाच्या आवाजासाठी मुद्दाम राखून ठेवलेली जागा आहे.

आज पोलादपूरचं पोरगं हायवेवरच्या हॉटेलात नाहीतर महाड एमआयडीसीत कामाला लागतं, तेव्हा त्याला लागणारं इंग्रजी असतं मोजून चाळीस-पन्नास वाक्यांचं. सूचना कळणं, "पुन्हा सांगा" म्हणता येणं, नाही म्हणता येणं. तेवढं यायला फार हुशारी लागत नाही. चुकलं तर कुणी हसणार नाही, एवढी खात्री लागते.

असो. सोमवारच्या कॉलवर टीममधलं नवीन पोरगं बोलता बोलता अडलं, तर त्याचं वाक्य आपण पूर्ण करायची घाई नको. पाच सेकंद थांबून बघूया.