धुण्याचा घाट नकाशात कुठे आहे?

सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ साली दियामा धरण पुरे झाले. कोरड्या ऋतूत समुद्राचे खारे पाणी नदीत वर चढायचे. ते अडवून बारमाही गोड्या पाण्यावर भात आणि ऊस पिकवायचा, असा बेत होता. धरणाने ते काम चोख केले. दोनच वर्षांनी, वरच्या अंगाच्या रिशार तोल या उसाच्या गावात आतड्याच्या सिस्टोसोमियासिसचे रुग्ण सापडले आणि बघता बघता निम्म्याहून अधिक गाव त्याच्या कचाट्यात आले. या रोगाचा जंत गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, पाण्यात उतरतो आणि धुणे धुणाऱ्या बाईच्या, डुंबणाऱ्या पोराच्या कातडीतून आत शिरतो. खारेपणा गेला तसे गोगलगायींना रान मोकळे झाले. त्यांना खाणारी कोळंबी पिलांसाठी खाडीच्या मचूळ पाण्यात उतरते. तिची वाट भिंतीने अडवली.

आता धरणाच्या अभियंत्याने कोळंबीची चिंता का करावी? आरोग्य-परिणाम मूल्यमापन हा विषय या प्रश्नापासून सुरू होतो, असे मी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो. योजना कागदावर असतानाच तिने लोकांच्या प्रकृतीचे काय होईल हे तपासायचे आणि आराखडा बदलायला लावायचा, एवढेच हे काम. १९९९च्या गोथेनबर्ग मसुद्यातल्या व्याख्येत एक गोष्ट आवर्जून आहे: हे परिणाम लोकांमध्ये कसे वाटले जातात, तेही पाहायचे. पाणी मळ्याला, जंत पोरांना, ही वाटणी सरासरीत दिसत नाही.

गरीब देशांत हे जमणार नाही, गावपातळीचे आकडेच नसतात, असे म्हणतात. मला ही सबब वाटते. पाण्यात कोण, किती वेळ उभे राहते हे गावाला पाठ असते. विचारायला जावे लागते, इतकेच. थायलंडने २००७च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्यात असे मूल्यमापन मागण्याचा हक्कच व्यक्तीला आणि समूहाला दिला. त्याच वर्षीच्या राज्यघटनेतली तरतूद पाळली नाही म्हणून २००९ मध्ये न्यायालयाने माप ता फुत औद्योगिक पट्ट्यातले ७६ प्रकल्प रोखले. पुढे बहुतेक सुटले, हेही खरे.

आपल्याकडे २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मूल्यमापन होते, मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणीही असते. आरोग्य मात्र त्यात पाहुण्यासारखे येते. (सिस्टोसोमियासिस आफ्रिकेपुरता समजू नये; रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीचे नाव त्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.)

या पुस्तकातली कोष्टके पहिल्या वाचनात सोडलीत तरी चालेल. पाटबंधाऱ्याचा एखादा नकाशा मात्र समोर घ्या आणि त्यात धुण्याचा घाट आणि पाट ओलांडायचा साकव शोधा. दरवाजे, चाऱ्या, वितरिका सगळे रेखलेले असेल. घाट बहुधा नसतो.