दुष्काळ मोजणारे आणि भोगणारे

दुष्काळ आभाळातून पडतो असं आपल्याला शाळेत शिकवलं. पण तो जाहीर व्हावा लागतो. आणि जाहीर करणारा माणूस गावकुसाबाहेर कधीच राहत नव्हता.

इंग्रजांच्या अमदानीत आणेवारी आली. 16 आणे म्हणजे पूर्ण पीक. त्यातले किती आणे पदरात पडतील ते बघायचं आणि सारा तहकूब करायचा की नाही ते ठरवायचं. म्हणजे हे माप साऱ्याचं, भुकेचं नव्हे. शिवेचा दगड कुठला, कुठल्या विहिरीनं कधी तळ गाठला, हे महाराला तोंडपाठ. शिवेच्या तंट्यात साक्ष त्याची. पण आणे ठरवताना त्याचा शब्द कुणी धरला? वतनाच्या या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणलं, ते उगाच नव्हे.

पुढं आणेवारीची पैसेवारी झाली. 50 पैशांच्या खाली गेलं की टंचाई. नाव बदललं, मोजायची वस्तू तीच, उभं पीक. ज्याला रानच नाही त्याचे किती पैसे भरणार? पेरणी हुकली की खुरपणी गेली, काढणी गेली, वर्षाची मजुरी गेली. तिला रकानाच नाही. दादासाहेब गायकवाडांचे 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह या रकान्यासाठीही होते, असं मी मानतो.

गंमत म्हणजे इंग्रजाला हे कळत होतं. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर जे फॅमिन कोड झाले, त्यांत धान्याचे भाव चढणं, माणसं गाव सोडून भटकणं, या धोक्याच्या खुणा धरल्या होत्या. कसोटीची कामं काढायची आणि खडी फोडायला किती हात येतात ते बघायचं. मजुरी इतकी तुटपुंजी की अगदी टेकीला आलेलाच येईल, ही साहेबाची हुशारी! उपाशी माणसालाच पर्जन्यमापक केलं. त्याला मोजलं, विचारलं मात्र नाही.

1972 ला तेच. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. आमचं घर तेव्हाच गोरेगावला आलं. आई सांगायची, गावात पंचनामा व्हायच्या आधी आमची निम्मी वस्ती उठून गेली होती. दारांना कुलपंसुद्धा नव्हती, आत होतं काय लावायला? इकडं 1972 मध्येच गोरेगावच्या मृणाल गोरे महागाईविरोधात बायांना घेऊन रस्त्यावर उतरल्या, हातात लाटणी. शहराला दुष्काळ कळला तो रेशनच्या रांगेत.

11 मे 2016 ला सुप्रीम कोर्टानं 'स्वराज अभियान'च्या खटल्यात केंद्राला दुष्काळाची नियमावली बदलायला सांगितलं. त्याच डिसेंबरात नवी संहिता आली, 2017 मध्ये महाराष्ट्रानं घेतली. त्यात पाऊस, उपग्रहाला दिसणारी हिरवळ, जमिनीतली ओल, भूजल, पेरा बघायचा; मग 10 टक्के गावांत जाऊन खातरजमा. 31 ऑक्टोबर 2018 ला या रीतीनं 151 तालुके जाहीर झाले. उपग्रह वाईट नाही, तो जात तरी विचारत नाही. पण त्याला हिरवा ऊस दिसतो, बांधावर रिकाम्या हातानं बसलेली बाई दिसत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात आपल्या घाटकोपरला, भटवाडीच्या मैदानात, नांदेडकडची कुटुंबं पालं ठोकून राहिली होती. ती कुठल्या नकाशावर होती?

तुम्ही दिवाळीला गावी जाता. पिकाची पाहणी होते तीही त्याच सुमाराला. ग्रामसभेत आपल्या वस्तीनं उभं राहावं. काम मागणाऱ्यांची यादी, उठून गेलेल्या घरांची यादी, टँकर वस्तीपर्यंत येतो की वेशीत थांबतो याची तारीखवार नोंद, हे सगळं ठरावात घालायला लावा. एक प्रत तहसीलला द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.