शेळीच्या दुधाचा साबण घरी बनवायचाय? आधी कॉस्टिक सोडा समजून घ्या

कोरेगाव भीमा, शिरूर, दौंड या पट्ट्यात गाय-म्हशीचं दूध रोज डेअरीला जातं. शेळीच्या दुधाला मात्र तशी गावोगावी संकलनाची सोय नाही. त्यामुळे घरी लागेल तेवढं वापरून उरलेल्या दुधाचं काय करायचं, हा प्रश्न असतो. धाराशिव जिल्ह्यात उस्मानाबादी शेळीच्या दुधापासून साबण बनवला जातो. पुणे-अहिल्यानगर भागातली संगमनेरी शेळीही दुधासाठी पाळली जाते. मग हा साबण घरी बनवता येतो का? येतो, पण काळजी घेऊनच.

साबण तयार कसा होतो?

तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, यांची रासायनिक क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा इथे चालत नाही. नाली साफ करायची पावडरही वापरू नका, त्यात इतर रसायनं असतात.

साहित्य किती?

- खोबरेल तेल : 200 ग्रॅम
- ऑलिव्ह तेल : 250 ग्रॅम
- एरंडेल तेल : 50 ग्रॅम
- शेळीचं दूध : 180 ग्रॅम
- शुद्ध कॉस्टिक सोडा : 72 ग्रॅम

सगळं डिजिटल काट्यावर मोजा, वाटी-चमच्याने नाही. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो, त्यामुळे तेल बदललं तर सोड्याचं प्रमाणही नव्याने काढावं लागतं.

कृती काय?

1. दूध गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. सोडा मिसळताच मिश्रण तापतं आणि साधं दूध करपून तपकिरी होतं.
2. हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. खिडक्या उघडा, मुलांना लांब ठेवा.
3. स्टीलच्या भांड्यात दुधाचे खडे घेऊन त्यावर सोडा चमचा-चमचा टाकत ढवळा. सोड्यावर दूध कधीही ओतू नका. ॲल्युमिनियमचं भांडं तर नकोच, सोडा ते खातो आणि ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. मिश्रण पिवळसर झालं, उग्र वास आला तरी घाबरू नका.
4. थंडीत गोठलेलं खोबरेल वितळवून तेलं एकत्र करा. कोमट झाली की त्यात दुधाचं मिश्रण गाळून घाला.
5. हँड ब्लेंडरने थांबून थांबून फिरवा. पिठल्यासारखं दाट झालं की सिलिकॉनच्या साच्यात ओता.
6. साचा 24 तास फ्रिजमध्ये ठेवा, पण खाण्याच्या पदार्थांपासून वेगळा. दुधातल्या साखरेमुळे साबण जास्त तापतो.
7. घट्ट झाल्यावर वड्या कापून हवेशीर जागी 4 ते 6 आठवडे वाळवा. पावसाळ्यात वेळ जास्त लागतो.

यातून साधारण 100 ग्रॅमच्या सहा-सात वड्या होतात.

सोडा अंगावर उडाला तर?

भिजलेले कपडे काढा आणि भरपूर वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटं धुवा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. डोळ्यात गेला तर लगेच धुवायला सुरुवात करा आणि त्यानंतर थेट दवाखाना गाठा, डोळा कायमचा जाऊ शकतो. पोटात गेला तर उलटी करायला लावू नका, लगेच रुग्णालयात न्या.

दुधामुळे त्वचा उजळते का?

सोशल मीडियावर असे दावे खूप दिसतात. प्रत्यक्षात दुधातली चरबीही सोड्याशी मिळून साबणच बनते. दुधातल्या लॅक्टिक ॲसिडचंही सोड्यामुळे मीठ होतं. साबण मऊसर वाटतो तो मुख्यतः ग्लिसरीन आणि उरलेल्या थोड्या तेलामुळे. इसब किंवा पुरळ यावर तो औषध नाही.

विकायचा असेल तर?

भारतात अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. विक्रीसाठी बनवायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 नुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. त्यामुळे पहिल्या वड्या घरीच वापरून पाहा. त्या नीट जमू लागल्या की मग परवान्याची चौकशी करा.