चरातील माती व लंडनचे दोन धडे

नळ किंवा गटार घालण्यासाठी खणलेला चर आपण नित्य पाहतो. पुरुषभर खोल चरातही बिगारी निर्धास्तपणे उतरतो. परंतु एक घनमीटर मातीचे वजन सामान्यतः दीड टनाहून अधिक भरते, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. त्या भाराने छाती आवळली गेली, की तोंड उघडे असूनही श्वास घेता येत नाही.

या धोक्याचा इतिहास पाहू गेल्यास दृष्टी लंडनकडे वळते. जगातील पहिली भुयारी आगगाडी तेथे १० जानेवारी १८६३ रोजी उतारूंसाठी सुरू झाली. जॉन फाउलर हे तिचे मुख्य अभियंता. रस्ता उघडा खणावा, दोन्ही अंगांस भिंती बांधाव्यात व वर कमान घालून तो पुन्हा बुजवावा, अशी तिच्या पुष्कळशा मार्गाची रीत होती. जून १८६२ मध्ये फॅरिंग्डननजीक फ्लीट गटार फुटले, जाड भिंत पायासकट उखडली आणि भुयारात पाणी भरले. मात्र तडे आणि हादरे यांनी आधी सूचना दिली होती. ती ओळखून मजूर वेळीच बाहेर पडले.

दुसरा धडा दुसऱ्या महायुद्धातला. १९४०-४१ च्या हवाई हल्ल्यांत ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली काही माणसे पुढे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. डॉ. एरिक बायवॉटर्स व त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दीर्घकाळ चेंगरलेल्या स्नायूंतील घातक द्रव्ये भार निघताच रक्तात मिसळतात. तेव्हा माणूस बाहेर काढला म्हणजे तो वाचलाच, असे नव्हे.

आपल्याकडील मानकसंहिता दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना फळ्या व टेकू यांचा आधार मागते. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदाही केला. तरीही चर ढासळतात, आणि मग खरी परीक्षा काठावरच्यांची असते.

सोबती गाडला गेला असता काठावर थांबणे भ्याडपणाचे वाटते. म्हणून कोणी तरी उडी घेतो. तोच दुसरी कड कोसळते आणि एकाचे दोन बळी होतात. तसे न करता प्रथम ११२ क्रमांकावर अथवा अग्निशामक दलास कळवावे. यंत्रे व जवळची वाहतूक थांबवावी, गर्दी दूर सारावी. किती जण आत आहेत व ते कोठे दिसले होते, हे मुकादमाने नीट सांगावे. यंत्राच्या फावड्याने माती उपसू नये. तेच फावडे गाडलेल्यावर घाव घालील. दोर बांधून त्याला ओढूही नये. कडांना आधार दिल्यावर जाणत्यांनीच हातांनी माती काढावी, आणि शेवटचा भार उतरविण्यापूर्वी डॉक्टर जवळ असावा.

हे थांबणे म्हणजे निर्दयता नव्हे. ज्याला वाचवावयाचे त्याच्यासाठी व वाचविणाऱ्याच्या घरी वाट पाहणाऱ्यांसाठी तेच खरे धैर्य होय. त्याहून उत्तम म्हणजे माणूस चरात उतरण्यापूर्वीच फळ्या व टेकू लावणे. त्यास लागणारे लाकूड मनुष्याच्या जिवाहून महाग नाही.