तळटीप : ‘शवावर एकही खूण नव्हती’

* मूळ मजकुरातील या विधानामागे एडिंबरा शहरातला एक भीषण खटला आहे. १८२८ साली विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी १६ जणांचे जीव घेतले आणि प्रेते शरीरशास्त्राचे अध्यापक डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्याकडे विकली. बळी बहुतेक गरीब, निराधार. त्यांची चौकशी करायला कोणी येणार नव्हते, ही यातली सर्वांत क्रूर गोष्ट.

गळफासाचा वळ मानेवर उरतो. हाताने गळा दाबला, तर नखांचे ओरखडे दिसतात, कधी मानेतले हायॉइड हाडही मोडते. नाक-तोंड दाबून गुदमरवलेल्या माणसाच्या अंगावर मात्र काहीच न दिसणे शक्य असते, विशेषतः तो नशेत किंवा अशक्त असला तर. बर्क आणि हेअर यांची पद्धत हीच होती.

न्यायवैद्यक तज्ज्ञ रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी शेवटच्या बळीचा मृतदेह तपासला. गुदमरून मृत्यू संभवतो, यापुढे त्यांना जाता आले नाही, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणाच म्हणायला हवा. हेअर माफीचा साक्षीदार झाला; २८ जानेवारी १८२९ रोजी बर्कला फाशी झाली.

पुढे फ्रान्समध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञ तार्दिय यांनी फुप्फुसांवरचे बारीक रक्तठिपके ही गुदमरण्याची खूण मानली. पण तसे ठिपके इतर मृत्यूंतही आढळतात. म्हणून आज शवविच्छेदन करणारे डॉक्टर पापण्या आणि ओठांची आतली बाजू बारकाईने पाहतात आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याशी ती निरीक्षणे ताडून घेतात. – संपादक